डाव्या चाकाचा आवाज

आमच्या पिकअपच्या उजव्या बाजूचे आवाज माझे आणि डाव्या बाजूचे बायकोचे, अशी वाटणी गाडी घेतली त्याच वर्षी होऊन गेली होती. कोणी ठरवून केली नाही. मी स्टिअरिंगवर, ती माझ्या डाव्या हाताला, मागे मासोळीचे कॅरेट. माझ्या खिडकीतून मला उजवं चाक ऐकू यायचं, तिच्या खिडकीतून तिला डावं. इंजिन तेवढं सामाईक.

आता डावी बाजू रिकामी आहे. म्हणजे बायको आहे, देवाच्या दयेनं ठणठणीत आहे, पण पुण्यात आहे. मुलीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला जातात, नातू लहान, त्याला परक्याच्या हाती कसं सोपवायचं? बरोबर आहे, मी कुठं नाही म्हणतो. पण नातवाला आजी लागते तशी मलाही बायको लागते, हे या वयात सांगायचं कोणाला? लोक हसतील. हसले तर हसोत बापडे. मला ती घरी हवी आहे. भाऊबीजेनंतरच्या जत्रेला, म्हणजे गेल्या मंडईला, ती चार दिवसांसाठी आली होती आणि चारावर आणखी थोडे दिवस राहिली. ते वरचे दिवस कसे मिळाले ते सांगतो.

आमचं गाव मूलच्या अलीकडं, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकलेलं. आम्ही ढिवर, मासोळीवर जगणारे. पहाटे तलावात जाळं, सकाळी मूल किंवा सिंदेवाहीचा बाजार, जास्तीची मरळ असली की चंद्रपूर, बल्लारपूर. हिवाळ्यात वडशाच्या नाटक मंडळ्यांचे पडदे आणि पेट्या गावोगाव पोचवायच्या. बायको सगळीकडं सोबत असायची. मी गाडी चालवायचो आणि ती मासोळी विकायची. घासाघीस करणाऱ्याला ती असं बोलायची की तो हसत हसत घेऊन जायचा. मला ते जमत नाही. मी चिडतो.

चाकांचे बेरिंग तपासायचं काम आम्ही घरीच, अंगणात करायचो. गॅरेजवाल्याकडं गाडी लावून मासोळी काय त्याच्या दारात सडवायची? जॅक लावून चाक वर उचलायचं, मागच्या चाकांना दगड द्यायचे, आणि उचललेलं चाक वरून-खालून दोन्ही हातांनी धरून हलवून पाहायचं. हललं, तर कुठंतरी ढिलं आहे. पण कुठं? ते एकट्याला कळत नाही. दुसऱ्या माणसानं केबिनमध्ये बसून ब्रेक दाबून धरायचा आणि आपण चाक पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेरिंगचा दोष, तरीही हललं तर खालच्या जॉइंटचा. मग ब्रेक सोडायचा, चाक गरगर फिरवायचं आणि स्प्रिंगला तळहात लावून आत खरखर लागते का ते बघायचं.

ब्रेकवर ती असायची. मी खाली, ती वर, आणि 'दाब, सोड, दाब' असा आमचा कालवा चालायचा. शेजाऱ्यांना वाटायचं सकाळी सकाळी भांडण जुंपलं. म्हणून खूण ठरवली. मडगार्डवर एक थाप मारली की दाबायचं, दोन मारल्या की सोडायचं. तिचं कधी चुकलं नाही. माझीच थाप अर्धवट पडायची, मग वरून विचारणा व्हायची, ही एक होती का दोन.

ती गेल्यावर मी सगळे उपाय करून पाहिले. आपला हात जगन्नाथ म्हणून सीट आणि पेडलच्या मधात फावड्याचा दांडा अडकवला. तो सटकून हॉर्नवर बसला आणि मी दचकून कपाळ आपटून घेतलं. शेजारचे भाऊ बिचारे आपणहून आले. त्यांनी ब्रेकच्या जागी क्लच दाबला, आणि मला म्हणतात, अजून किती वेळ धरू? त्यांना चहा पाजून घरी पाठवलं. नंतर अंगणात उकिडवं बसून राहिलो. खोटं कशाला सांगू, रडू आलं. ब्रेकसाठी रडणारा माणूस या मुलखात मीच असेन.

मी पुण्याला जाऊन राहून पाहिलं नाही असं नाही. मुलीनं हौसेनं बोलावलं. आठवडाभर सोफ्यावर बसलो. करमायला खाली गेटवर जायचो. तिथं पाण्याचे जार घेऊन एक पिकअप यायची, तिचं मागचं चाक घुमत होतं. मी ड्रायव्हरला सांगितलं, बाबा, बेरिंग बघून घे. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निघून गेला. त्या गावात माझं काम नव्हतं. तलाव, जाळं, गिऱ्हाईक टाकून तिथं बसलो असतो तर महिन्याभरात मला गंज चढला असता. बायकोलाही ते दिसलं. तिनंच माझी पिशवी भरून दिली.

मग यंदाचा दसरा आला. दसऱ्याला गाडीची पूजा, आणि पूजेआधी गाडी तलावाच्या उतारावरून पाण्यात घालून धुवायची ही गावची रीत. पण चालून आलेल्या गाडीची चाकं मधातून तापलेली असतात. तापलेलं चाक एकदम थंड पाण्यात गेलं की आत पाणी ओढून घेतं आणि ग्रीस नासतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दर दसऱ्याला दोघंतिघं हेच करून बसतात, कारण सकाळी भाडं असतं आणि दुपारी पूजा. आम्ही कधी केलं नाही. बायको पाळीवरच्या चिंचेखाली गाडी उभी करायला लावायची, चाकाच्या मधात हात लावून बघायची आणि म्हणायची, अजून गरम आहे, बसा. मग आम्ही चिंचेखाली बसायचो. तिच्या ओच्यात मुरमुरे असायचे. चाक निवायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात आमचं वर्षभराचं बोलणं व्हायचं. मुलीचं लग्न करायचं तिथंच ठरलं, घरावर पत्रे घालायचं तिथंच ठरलं.

गेल्या वर्षी एकटाच बसून पाहिलं होतं, यंदा पुन्हा एकट्यानं चिंचेखाली बसून काय करायचं होतं? चंद्रपूरहून आलो तशी गाडी सरळ पाण्यात घातली. पाण्यात शिरताना चाकांनी 'चुर्र' केलं, ते मी ऐकलं. ऐकूनही पुढं गेलो.

दिवाळीच्या तोंडावर डावीकडून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. गाडी उजवीकडं वळवली की वाढायचा, डावीकडं वळवली की दबायचा. मी आधी रस्त्याला शिव्या दिल्या, मग टायरला. माझा तो कानच नव्हता ना. शेवटी जॅक लावला आणि बायकोला व्हिडिओ कॉल केला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी इकडं चाक फिरवतोय आणि ती तिकडं पुण्याच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीत, नातवाच्या ओढाओढीत कान लावून बसली आहे. तिनं फोन स्प्रिंगला टेकवायला लावला, चाक हळू फिरवायला लावलं, नातवाला दामटून गप्प केलं. मग म्हणाली, बाहेरचं नाही, आतलं बेरिंग गेलं आहे. आणि लगेच पुढचा प्रश्न, गाडी गरम असतानाच पाण्यात घातली होती का?

माझा हात चाकावरच थांबला. मग हळूच म्हणाली, "चाक फिरवत राहा जी अजून. मले तलावाचा वास येऊन राह्यला."

मी चाक फिरवत राहिलो. नासलेल्या बेरिंगची ती घरघर आम्ही दोघांनी कितीतरी वेळ ऐकली. मग नातवानं फोन ओढला आणि कॉल बंद पडला.

दुसऱ्या दिवशी चाक उघडलं. आतलं ग्रीस दुधाळ, पार ताक झालेलं. बेरिंगच्या रोलरांना गंजाचे डाग. बायकोचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. डिझेलनं सगळं धुतलं, आतलं-बाहेरचं दोन्ही बेरिंग नवी बसवली, नवं सील, भरपूर ग्रीस, नट आवळून किंचित मागं घेतला. गाडी चालवून पाहिली, तर डावं चाक एकदम मुकं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही.

मग ती मंडईला आली. आमच्याकडं भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, गायकी म्हणजे गुराखी नाचतात, नाटक होतं, आणि लेकीबाळी माहेरी येतात. आमच्या घरी लेक तिकडंच राहिली, आईच आली. मी बल्लारपूर स्टेशनवर गाडी घेऊन तासभर आधी उभा. ती उतरली, वाळली होती थोडी, पुण्याच्या पाण्यानं उजळलीही होती. गाडीत बसली आणि चंद्रपूर येईपर्यंत खिडकीकडं कान करून राहिली. मग म्हणाली, "शांत आहे." मी म्हटलं, हो. मला वाटत होतं तिनं काहीतरी खोट काढावी, मला झापावं. शांत आहे म्हणाली आणि पाठ टेकली.

ते चार दिवस भुर्रकन गेले. पाहुण्यांनी घर भरलं. बायको चुलीपुढं बसली आणि मिठाचा डबा शोधू लागली, कारण मी त्याची जागा बदलली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या घरात तिला मीठ सापडू नये? सगळे डबे मी पुन्हा तिच्या जागी लावले. झिंग्याची भाजी तिनं केली तेव्हा पाहुणे बोटं चाटत राहिले आणि मी मोठ्यानं ढेकर देऊन तिच्याकडं पाहिलं. ती लाजली. या वयात!

पण दर संध्याकाळी पुण्याहून फोन यायचा आणि नातू पडद्यावर नाक लावून आजी आजी करायचा. ती फोन घेऊन अंगणात जायची. परत आली की बराच वेळ पदरानं भांडीच पुसत बसायची. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच, नाही गेली तर नाही का चालणार? तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही.

"त्याले झोपतांनी माझा पदर हातात लागते," ती म्हणाली. "तुमी तर मोठे आहा."

मोठा आहे, हे खरंच होतं. मी उठून गोठ्यात गेलो. गोठ्यात आता गाय नाही, जाळी टांगलेली असतात. तिथंच उभा राहिलो.

जायच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, निघायच्या आधी चाक बघून घेऊ. मी म्हटलं, नवं बेरिंग आहे, काय बघायचं? पण ती साडी खोचून केबिनमध्ये जाऊन बसलीसुद्धा. मग मी जॅक काढला, डावं चाक उचललं. एक थाप दिली. तिनं ब्रेक दाबला. चाक हलवलं, जराही हललं नाही. दोन थापा दिल्या, तिनं सोडला. चाक फिरवलं, स्प्रिंगला हात लावला. आत लोण्यासारखं. दोन वर्षांत प्रथमच दोघांनी मिळून केलेलं काम, आणि ते इतक्या पटकन संपलं की मला त्या नव्या बेरिंगचा राग आला. बारीकसा दोष ठेवला असता तर दुपार झाली असती.

दुपारची गाडी बल्लारपूरहून होती. आम्ही वेळेत निघालो. मूल सुटल्यावर चंद्रपूरकडं जाताना जंगल लागतं. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. या पट्ट्यात आमच्याकडचं कोणी गाडी थांबवत नाही. वाघ दिवसाही रस्ता ओलांडतो. पंक्चर झालं तरी लोक रिमवर गाडी रेटून पुढच्या गावात नेतात. आणि या बाबतीत बायको सगळ्यात कडक. लघवीला थांबतो म्हटलं तरी ती थांबू द्यायची नाही.

तिथं मधोमध ती म्हणाली, "थांबवा."

मी म्हटलं, काऊन? ती म्हणाली, डाव्या चाकातून आवाज येऊन राह्यला.

मी कान दिला. काहीच नव्हतं. खिडकीबाहेर वारा, मागं रिकामे कॅरेट, आणि काही नाही. पण डावी बाजू तिची. तिचा कान आजवर कधी चुकला नव्हता, पुण्याहून फोनवरसुद्धा नाही. मी म्हटलं, पुढच्या गावात बघू. ती म्हणाली, इथीच बघा. तिचा आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून मी गाडी कडेला घेतली.

खाली उतरलो. चाकाच्या मधात हात लावला, रोजच्याएवढंच कोमट. मी तिला दाखवायला हात वर केला, तर ती सरकून माझ्या सीटवर बसली होती आणि समोर बघत होती. जॅक लावा म्हणाली. या जंगलात जॅक! मनातल्या मनात तिच्या माहेराचा उद्धार करत मी दगड शोधले, मागच्या चाकांना लावले, जॅक लावला, चाक उचललं. एक डोळा चाकावर आणि एक बांबूवर. वर माकडं निवांत पाला खात होती. माकडं खाकरायला लागली की घाबरायचं, असं म्हणतात, म्हणून त्यांचा आधार वाटला.

एक थाप दिली. चाक हलवलं. जागचं हललं नाही. सकाळसारखंच, पक्कं.

दोन थापा दिल्या आणि चाक फिरवायला गेलो. फिरलं नाही. मला वाटलं, माझीच थाप अर्धवट पडली असेल. पुन्हा नीट मोजून दोन दिल्या, मोठ्यानं. चाकाला हात घातला. जाम.

तिचा पाय ब्रेकवरच होता.

तेव्हा मला कळलं. मी गुडघ्यावर तसाच, दोन्ही हात टायरवर. वर पाहिलं असतं तर ती दिसली असती, पण मी पाहिलं नाही. मी पाहू नये असं तिला वाटत असेल, म्हणून. पाय इतका गच्च दाबलेला होता की चाकाला जीव जाईल असा जोर केला तरी ते तसूभर सरकलं नसतं. आणि मी जोर केलाही नाही. माकडं पाला खात होती, एक एसटी आमच्याकडं बघत हॉर्न वाजवून गेली, आणि बल्लारपूरच्या स्टेशनवर तिची गाडी लागायची वेळ जवळ येत चालली होती. मी चाक धरून बसलो. मला काही घाई नव्हती.

बऱ्याच वेळानं चाक हातात सैल झालं. मी ते फिरवलंही नाही. जॅक उतरवला, दगड बाजूला टाकले, हात पँटला पुसले आणि वळसा घालून ती बसली होती त्या खिडकीशी गेलो. तिचे डोळे लाल होते. माझ्या तोंडाकडं बघत होती, मी काय सांगतो म्हणून.

"बेरिंग गेलं," मी म्हणालो. "अशी गाडी बल्लारपूरले नेता नाई येत."

ती सरकून आपल्या जागेवर गेली. पुण्याला फोन लावून मुलीला म्हणाली, गाडी बिघडली, पुढचं तिकीट बघ. मुलगी तिकडून काहीतरी विचारत राहिली, नवंच टाकलं होतं ना वगैरे. तिनं फोन खाली ठेवला.

मी गाडी वळवली. घर येईपर्यंत डाव्या चाकानं चकार शब्द काढला नाही. पाळीवर आल्यावर तिनं चिंचेकडं बोट केलं. मी गाडी चिंचेखाली लावली. ती उतरली, वाकून चाकाच्या मधात हात ठेवला आणि म्हणाली, गरम आहे, बसा.